रोजचा तास : स्वमग्न मूल आणि घरचं कुत्रं



अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या १९६१ सालच्या अधिवेशनात बोरिस लेव्हिन्सन या न्यू यॉर्कच्या बालमानसशास्त्रज्ञानं एक निबंध वाचला आणि सभागृहात हशा पिकला. विषयच तसा होता. कुणाशी न बोलणारा, कुणात न मिसळणारा एक मुलगा त्यांच्याकडे आणला गेला. आईवडील ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी येऊन धडकले, त्यामुळे लेव्हिन्सनांचा जिंगल्स नावाचा कुत्रा तेव्हा खोलीतच होता. तो धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मुलगा घाबरला नाही, उलट त्याला बिलगला. पुढच्या काही भेटींत मुलाचा सगळा व्यवहार जिंगल्सशीच चालला, डॉक्टर हळूहळू त्यात शिरले. हे सांगून झाल्यावर, ‘मग फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता?’ असं एका सहकाऱ्यानं विचारल्याचं या क्षेत्रात आजही सांगतात. लेव्हिन्सन बधले नाहीत. १९६२ साली त्यांनी लेख छापला आणि कुत्र्याला सरळ सहउपचारक म्हणून टाकलं.

तो हशा आता विरला आहे. हल्ली उलटाच प्रकार दिसतो. कुत्रा घेतला की मूल बोलायला लागेल, हसायला लागेल, शाळेत रमेल, असं ऐकून लोक पिल्लं घरी आणतात, आणि सहा महिन्यांत पिल्लू गॅलरीत बांधलेलं आणि मूल पुन्हा टॅबसमोर, अशी स्थिती होते. म्हणून आजचं बोलणं एका लहानशा प्रश्नापुरतं ठेवलेलं बरं. स्वमग्न मुलानं रोज थोडं अंग हलवावं, घाम गाळावा, यासाठी घरच्या कुत्र्याचा उपयोग होतो का? होत असेल तर कसा?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. अपंगत्व असलेल्या मुलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, त्यांना कुणी सूट दिलेली नाही. पण स्वमग्न मुलांसाठी हा तास डोंगराएवढा असतो. अंजना भट या डेलावेर विद्यापीठातल्या संशोधक. त्यांनी ५ ते १५ वर्षांच्या ११,८१४ स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरून दिलेल्या माहितीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. जवळजवळ ८७ टक्के मुलांमध्ये हालचालींचं कौशल्य कमी पडत असल्याची शक्यता दिसली. चेंडू झेलणं, उडी मारून नीट उतरणं, बटणं लावणं, अशा साध्यासुध्या गोष्टी. यातल्या एक तृतीयांश मुलांनाही फिजिओथेरपी मिळत नव्हती. बोलणं आणि वागणं यांवर सगळ्यांचं लक्ष, हातपायांकडे बघायला कुणाला वेळच नाही. त्यात चिडचिड आवरण्यासाठी काही मुलांना रिस्पेरिडोनसारखं औषध द्यावं लागतं. त्यानं भूक वाढते, वजन वाढतं. वजन वाढलं की धावणं आणखी नकोसं होतं.

यावर आपल्याकडचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘मैदानावर पाठवा’. पण मैदानावर काय वाट्याला येतं ते एकदा नीट पाहायला हवं. खो-खो घ्या. मूल पाटीवर उकिडवं बसलेलं. मागून कधीही पाठीवर थाप पडणार आणि कानाशी ‘खो’ ओरडलं जाणार. त्याच क्षणी उठायचं, आपल्याला कुठल्या दिशेनं धावायची मुभा आहे ते आठवायचं, समोरचा हुलकावणी देतोय की खरंच वळतोय हे त्याच्या खांद्यांवरून ओळखायचं, आणि चुकलं की आठ जणांचा आरडाओरडा ऐकायचा. अचानक झालेला स्पर्श ज्याला विजेसारखा लागतो आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं हेच ज्याचं सगळ्यात अवघड काम, त्याच्यासाठी याहून कठीण परीक्षा शोधूनही सापडणार नाही. कबड्डीचं तर नावच नको. मग पीटीच्या तासाला हे मूल कडेला बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतं. बाईंनाही ते सोयीचं पडतं.

कुत्र्याच्या बाबतीत यातलं बरंचसं गळून पडतं. कुत्रा टोमणे मारत नाही, गुण मोजत नाही, मुलाला संघात घ्यायचं की नाही यावर मतदान घेत नाही. तो काय करणार याचा अंदाज त्याच्या शेपटीवरून, कानांवरून येतो, आणि तो अंदाज सहसा चुकत नाही. त्याला रोज ठरलेल्या वेळी बाहेर जायचंच असतं. दिनक्रम मोडला की अस्वस्थ होणाऱ्या मुलाला दिनक्रमावर तितकंच प्रेम करणारा दुसरा जीव घरात मिळतो, ही गोष्ट लहान नाही. मिसुरी विद्यापीठाच्या ग्रेचन कार्लाइल यांनी स्वमग्न मुलांच्या ७० पालकांना विचारलं होतं. त्यांच्यापैकी जवळजवळ दोन तृतीयांश घरांत कुत्रा होता, आणि त्या घरांतल्या ९४ टक्के पालकांनी मुलाचा कुत्र्यावर जीव असल्याचं सांगितलं. जीव आहे हे ठीकच. पण जीव असला म्हणून पाय हलतातच असं नाही, आणि इथेच या विषयातला सगळा गोंधळ आहे.

इंग्लंडमध्ये ९-१० वर्षांच्या दोन हजारांवर मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधून एक पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१० साली आले. घरी कुत्रा असलेली मुलं दिवसाला सरासरी साडेतीनशेच्या आसपास पावलं जास्त चालत होती. साडेतीनशे पावलं म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन परत येणं. यासाठी कुणी कुत्रा पाळू नये! मोठ्या माणसांचं चित्र याहून ठसठशीत आहे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या कॅरी वेस्टगार्थ यांच्या २०१९ च्या अभ्यासात कुत्रा पाळणाऱ्या प्रौढांनी व्यायामाचं ठरलेलं प्रमाण गाठण्याची शक्यता इतरांपेक्षा चौपट दिसली. म्हणजे कुत्रा घरच्यांना हलवतो, पण बहुतेकदा बाबांना हलवतो. पट्टा बाबांच्या हातात असतो आणि मूल घरात असतं. शिवाय फिरायची हौस असलेली माणसंच कुत्रा आणतात, ही शंका असल्या पाहण्यांवर कायम घेतली जाते, आणि ती रास्त आहे.

पर्थमधल्या संशोधकांनी ती शंका थोडी दूर केली. २ ते ७ वर्षांच्या ६०० मुलांना त्यांनी तीन वर्षं पाहिलं. या काळात काही घरांत नवा कुत्रा आला, काही घरांतला गेला. २०२४ साली जाहीर झालेल्या या निष्कर्षांनुसार कुत्रा आल्यावर मुलींची हलकी हालचाल आणि खेळ दिवसाला ५२ मिनिटांनी वाढले, आणि कुत्रा गेलेल्या घरांत ६२ मिनिटांनी घटले. मुलग्यांमध्ये असा ठळक फरक दिसला नाही. ही पाहणी स्वमग्न मुलांपुरती नव्हती, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

मग नेमकं काय केलं की कुत्र्यामुळे मूल हलतं? याचं सगळ्यात चांगलं उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगन राज्य विद्यापीठात मिळतं. तिथे मेगन मॅकडॉनल्ड अपंग मुलांच्या व्यायामावर काम करतात आणि मोनिक उडेल कुत्र्या-मांजरांच्या वर्तनावर. दोन वेगळ्या इमारतींतली ही माणसं, सोबत पशुवैद्य मंडळी, एकत्र बसली आणि त्यांनी प्रश्नच फिरवला. कुत्र्यानं मुलासाठी काय करावं हे विचारण्याऐवजी मुलानं कुत्र्याला काय शिकवावं हे त्यांनी विचारलं.

त्यासाठी त्यांनी उसनी घेतलेली पद्धत बुडापेस्टची. तिथल्या योत्व्होश लोरांद विद्यापीठात आदाम मिक्लोशी आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं कुत्र्यांच्या अनुकरणाचा अभ्यास करत आले आहेत. तिथे २००६ च्या सुमारास फिलिप नावाच्या बेल्जियन टर्व्ह्युरेन जातीच्या कुत्र्यानं माणसाची हालचाल पाहून तशीच करून दाखवली, आणि पुढे क्लाउडिया फुगात्सा या इटालियन प्रशिक्षिकेनं त्यातून ‘मी करतो तसं कर’ ही पद्धत बांधली. ती जवळून पाहण्यासारखी आहे. आधी कुत्र्याला येत असलेल्याच दोनतीन गोष्टी घ्यायच्या, उदाहरणार्थ बस म्हटल्यावर बसणं, गोल फिरणं. शिकवणारा कुत्र्यासमोर उभा राहतो, त्याला थांबायला सांगतो, स्वतः गोल फिरून मूळ जागी येतो, आणि मग म्हणतो, ‘कर!’ सुरुवातीला पाठोपाठ ओळखीची आज्ञाही द्यावी लागते. हळूहळू ती आज्ञा गळते आणि कुत्र्याला नियम उमगतो, की समोरच्यानं जे केलं ते करायचं. त्यानंतर नवीन गोष्ट. शिकवणारा बादलीला वळसा घालून येतो, कुत्रा बादलीला वळसा घालतो. शिकवणारा अडथळ्यावरून उडी मारतो, कुत्रा उडी मारतो.

ओरेगनच्या मंडळींनी यातली मेख ओळखली. कुत्र्यानं उडी मारायला हवी असेल तर आधी मुलाला उडी मारावी लागते. अर्धवट मारली तर कुत्रा गोंधळतो, म्हणून ती नीट मारावी लागते. आणि कुत्र्याला एकदा पाहून येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा मारावी लागते. फिजिओथेरपिस्ट दहा वेळा कर म्हणाली तर जे मूल तिसऱ्या वेळेला जमिनीवर आडवं होतं, तेच मूल कुत्र्याला येत नाहीये म्हणून पंधरा वेळा करून दाखवतं. इथे शिकणारा कुत्रा आहे आणि मूल मास्तर आहे. आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी शिकवलं, त्याला पहिल्यांदा कुणीतरी विद्यार्थी मिळतो.

२०१७ साली त्यांनी एका दहा वर्षांच्या मुलावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे, दर आठवड्याला एक तास प्रयोगशाळेत आणि बाकी दिवस घरी, स्वतःच्याच कुत्र्याबरोबर. ब्रशनं कुत्र्याचे केस विंचरणं, तोल सांभाळण्याचे व्यायाम, असा कार्यक्रम. मुलाची हालचाल वाढली, कौशल्य सुधारलं, कुत्र्याशी नातं घट्ट झालं. पण हा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा होता, स्वमग्न नव्हता, आणि एकच होता. एका मुलावरून सगळ्यांचं अनुमान काढता येत नाही, आणि त्या संशोधकांनीही काढलेलं नाही.

पुढचं पाऊल जास्त मोलाचं. ८ ते १७ वर्षांची ३० मुलं, त्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलांना विकासात्मक अपंगत्व, आणि प्रत्येकाचा घरचा कुत्रा. मोकळ्या खोलीत जमिनीवर चिकटपट्ट्यांनी रेषा आखलेल्या. मुलानं त्यांच्यावरून कधी हळू, कधी जलद चालायचं, मध्ये थांबायचं. कुत्रा सोडलेला, त्याला कुणी काही सांगायचं नाही. चित्रफिती तपासल्या तर मूल चालत असताना कुत्रा ६० टक्के वेळ चालत होता, आणि एक तृतीयांश वेळ मुलाचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला तोंड करून होता. हे प्रमाण निव्वळ योगायोगानं येईल त्याहून जास्त होतं. मोठ्या माणसांबरोबर कुत्रे याहूनही जास्त जुळवून घेतात, तेव्हा मुलांच्या बाबतीत सुधारणेला वाव आहे. पण घरचा कुत्रा मुलाला फर्निचर समजत नाही, त्याच्या पावलांवर नजर ठेवून असतो, एवढं यातून नक्की कळलं. डेलावेरमध्येही इवा ओब्रुस्निकोव्हा आणि सहकाऱ्यांनी स्वमग्न मुलांच्या व्यायामवर्गात प्रशिक्षित कुत्रे आणि त्यांचे सांभाळणारे आणून पाहिले आणि २०१२ साली त्याबद्दल लिहिलं. त्यांचे कुत्रे मात्र बाहेरून येणारे होते, घरचे नव्हते.

कुत्र्याची बाजूही मांडायला हवी. कॅनडातल्या ऑन्टारिओत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वमग्न मुलांसाठी खास तयार केलेले कुत्रे दिले जातात. एकाएकी रस्त्यावर पळत सुटणाऱ्या मुलाच्या कमरेचा पट्टा कुत्र्याच्या पट्ट्याला जोडलेला असतो, मूल पळालं की कुत्रा पाय रोवून उभा राहतो. आईबापांना त्यामुळे किती सुटल्यासारखं वाटतं ते सांगायला नको. माँट्रियलच्या एका अभ्यासात अशा कुत्र्यांच्या सहवासात ४२ मुलांचं सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, पाहिलं. जाग आल्यानंतरच्या अर्ध्या तासात ते ५८ टक्के वाढायचं, कुत्रा घरी आल्यावर ती वाढ १० टक्क्यांवर आली, आणि कुत्रा काही काळ काढून घेतल्यावर पुन्हा ४८ वर गेली. हे आकडे डोळ्यांत भरतात. पण गेल्फ विद्यापीठाच्या क्रिस्टन बरोज यांनी २००८ साली दुसरा हिशेब मांडला. या कुत्र्यांना विश्रांती पुरत नव्हती, खेळायला वेळ मिळत नव्हता, मुलाच्या हातून नकळत त्यांना दुखापत होत होती. कुत्र्याला नकार देता आला पाहिजे. त्यानं जांभई दिली, ओठ चाटले, मान वळवली, की खेळ संपला. हे जे घर मुलाला शिकवू शकत नसेल, त्यानं कुत्रा आणूच नये, असं स्पष्ट म्हटलेलं बरं.

आता आपल्याकडे. आपल्या मनात कुत्र्याची जागा मोठी विचित्र आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, खंडोबाच्या घोड्यामागे कुत्रा, पण घरात उंबऱ्याच्या आत आला की आजी सोवळं सावरते. सोसायटीत तर वेगळंच महाभारत. लिफ्टमध्ये नेऊ नका, बागेत आणू नका, ठराव झालाय. वस्तुतः भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे की बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. ते परिपत्रक छापून खिशात ठेवावं. मात्र घाण उचलायची पिशवीही त्याच खिशात असावी, नाहीतर कमिटीशी बोलताना आपला आवाज चढत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट चावण्याची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेल्या, अलीकडेच प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि रेबीजनं ५,७०० च्या वर माणसं मरतात. बोलू न शकणारं मूल आपल्याला चावल्याचं सांगणार कसं? त्यामुळे अशा घरात संध्याकाळी फिरून आल्यावर मुलाचे पाय, पोटऱ्या, हात पाहण्याची सवय लावावी लागते. ओरखडा दिसला तरी आधी साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं, आणि त्याच दिवशी लस. घरच्या कुत्र्याचं लसीकरण ही तर पूर्वअट आहे. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची टोळी जिथे ठाण मांडून बसते तो कोपरा फिरण्याच्या वाटेतून वगळायचा, मग वाट कितीही लांब पडो.

जातीचं काय, हे सगळेच विचारतात. हस्की आणि सेंट बर्नार्ड विदर्भाच्या मे महिन्यात ठेवणं हा गुन्हा मानला जात नाही, हे नवलच आहे. त्यांना दुपारभर एसीपुढे पडून राहावं लागतं, मग फिरणार कोण? लॅब्रॉडॉर स्वभावानं बरा, पण तरुणपणी त्याच्या एका हिसक्यानं दहा वर्षांचं मूल तोंडावर आपटतं. मध्यम आकाराचं, स्वभाव कळलेलं, वर्ष-दीड वर्षाचं गावठी कुत्रं आपल्या हवेला सगळ्यात सोयीचं. पिल्लू मात्र टाळावं. ते चावरं असतं, कर्कश ओरडतं, आणि आवाजानं कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात नकोसं होतं. मुलाला कुत्र्याचा वास, केस, जीभ सोसते का, हे कुत्रा घरी आणण्याआधी ओळखीच्या घरी चारदोनदा जाऊन कळतं. मुंबईत अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था प्रशिक्षित कुत्र्यांसह मुलांमध्ये काम करते. अशा ठिकाणी पहिली ओळख झाली तर उत्तम. ब्रिटनमध्ये ‘डॉग्ज फॉर गुड’ ही संस्था २०१० पासून स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी कार्यशाळा घेते. त्यात कुत्रा देत नाहीत, कुत्रा कसा निवडायचा, कसा शिकवायचा आणि मुळात घ्यायचा की नाही, ते शिकवतात. आपल्याकडच्या पालकसंघटनांनी उचलण्यासारखं यात सगळ्यात जास्त आहे.

आणि ज्यांना कुत्रा पाळणं शक्यच नाही, भाड्याचं घर आहे, आईला दमा आहे, दोघंही नोकरीला जातात, त्यांनी काय करावं? त्यांनी शेजाऱ्याचा कुत्रा मागावा. आठवड्यातून तीन संध्याकाळी, त्याच वेळी, त्याच वाटेनं. संकोच वाटतो, पण कुत्रा पाळणारी माणसं अशा मागणीनं बहुधा खूश होतात. संध्याकाळी ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला फिरायला सोबत कोण देतं एरवी?

सुरुवात दोन दोऱ्यांनी करावी. एक दोरी गळपट्ट्याला, ती मोठ्या माणसाच्या हातात. दुसरी छातीच्या पट्ट्याला, ती मुलाच्या हातात. दोरीचा आकडा कडीत अडकवायचं काम पहिल्या दिवसापासून मुलाचंच. अंगठा आणि तर्जनीनं खिटी मागे ओढून धरायची आणि दुसऱ्या हातानं हलणारी कडी पकडायची, हा ऑक्युपेशनल थेरपीचा चांगला दहा मिनिटांचा धडा आहे, आणि समोर शेपूट हलवत कुणी वाट पाहत असेल तर तो रोज आपणहून गिरवला जातो. जिन्यानं उतरायचं, लिफ्ट नाही. पहिला आठवडा फाटकापर्यंत, दुसरा दुसऱ्या वीज खांबापर्यंत. वाटेतल्या थांब्यांची चित्रं काढून एका पुठ्ठ्यावर लावली की पुढे काय येणार हे मुलाला माहीत असतं. उन्हाळ्यात डांबर तापायच्या आत, म्हणजे सकाळी आठच्या आधी. हाताचा उलटा पंजा रस्त्यावर टेकून सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. परत आल्यावर पाण्याचं भांडं मुलानं भरायचं, दोन्ही हातांनी उचलून, सांडलं तर पुसून. आणि आठवड्यातून दोनदा, बैठकीतलं टेबल बाजूला सरकवून, ‘मी करतो तसं कर’. पहिल्या महिन्यात कुत्र्याला काहीच येणार नाही आणि मुलाला घाम फुटेल. तेच हवं आहे.